डोमेन बदलण्याआधी: जुन्या नावाचं सर्टिफिकेट विसरू नका

आमच्या पाककृतींच्या साइटचं नाव, म्हणजे डोमेन, आम्ही श्रावणात बदललं आणि जुन्या नावावर येणाऱ्यांना नव्याकडे वळवलं. गूगलवरची जागा थोडे दिवस हलली, मग स्थिरावली. आणि ऐन वसुबारसेला नगरच्या एका वाचक बाईंचा मेसेज आला, "ताई, तुमची साइट हॅक झालीय का? लाल पान येतंय." मी उघडून पाहिली तर व्यवस्थित, कारण मी नवं नाव उघडत होते. जुन्या डोमेनचं एसएसएल सर्टिफिकेट, म्हणजे साइट सुरक्षित असल्याचा ब्राउझरला दाखवायचा दाखला, संपलं होतं, आणि लाल पान हा ब्राउझरचा त्याबद्दलचा इशारा होता. मोफतचं, ९० दिवसांचं, मी हातानं एकदाच चढवलेलं. नव्या नावाचं आपोआप नवं होत होतं, जुन्याचं नाही. चकली-अनारसे शोधणारी माणसं चार दिवस दारातून परत गेली.

तर तयारी. बॅकअप घ्या. डीएनएस (नावावरून सर्व्हर शोधून देणारी नोंदवही) मधला टीटीएल, म्हणजे जुनी नोंद इतरांकडे किती वेळ साठून राहते तो काळ, एक-दोन दिवस आधी ३०० सेकंदांवर आणा. नवं नाव पूर्वी कुणाचं होतं ते विकत घेण्याआधी बघा. मुहूर्त मंदीच्या दिवसांत काढा, सणाच्या तोंडावर नको.

जुन्या पानांची यादी करायला वेळ लागतो, तो द्या. नुसता साइटमॅप (गूगलला द्यायची पानांची यादी) पुरत नाही. सर्च कन्सोल या गूगलच्या साइटमालकांसाठीच्या साधनात १६ महिन्यांची आकडेवारी मिळते, ती उतरवून घ्या, सर्व्हरचे लॉगही (कुणी कुठलं पान मागितलं त्याच्या नोंदी) काढा. जुन्या प्रत्येक पानासमोर त्याचंच नवं पान लिहा. सगळं होमपेजवर ढकलायचा आळशीपणा करू नका, गूगल अशा रीडायरेक्टला, म्हणजे दुसऱ्या पत्त्यावर वळवण्याला, बहुधा सॉफ्ट ४०४ धरतं (४०४ म्हणजे 'पान सापडलं नाही'), म्हणजे पान गेल्यातच जमा. रीडायरेक्ट ३०१ या क्रमांकाचा, म्हणजे कायमचा हवा, ३०२ हा तात्पुरत्या बदलासाठी. आणि एकाच उडीत. जुन्यावरून मधल्यावर, मधल्यावरून नव्यावर अशी साखळी नको.

मराठी साइट असेल तर इथे जास्त जपा. पत्त्यातलं देवनागरी अक्षर एन्कोड झालं (टक्क्याची चिन्हं, इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांत बदललं) की त्याची नऊ चिन्हं होतात, काना-मात्राही वेगळी मोजली जाते. 'भाजणीची-चकली' एवढ्याचीच शंभर होतात. वर्डप्रेस २०० चिन्हांवर पत्ता कापतं. त्यामुळे शीर्षकावरून पत्ते पुन्हा तयार करू नका, डेटाबेसमध्ये आहेत तेच उचला. अपाचे या सर्व्हरच्या रीराइट नियमात (पत्ता वळवायच्या सूचनेत) एन्कोड केलेला पत्ता लिहिलात तर त्याला एनई (NE) हा फ्लॅग, म्हणजे 'पुन्हा एन्कोड करू नको' ही खूण, लावा, नाहीतर टक्क्याचं चिन्ह पुन्हा एन्कोड होतं आणि पान सापडत नाही. मराठी पत्त्याची दहा-वीस पानं हातानं तपासाच.

आता सर्टिफिकेट. चार नावांना हवं: जुनं आणि नवं, दोन्ही डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याशिवाय. "जुन्यावर आता काही नाहीच, नुसता रीडायरेक्ट आहे" असं वाटतं, तिथेच चूक होते. ब्राउझर आधी सर्टिफिकेट तपासतो आणि मग सर्व्हरचं उत्तर ऐकतो. सर्टिफिकेट संपलं असेल तर तुमचा ३०१ त्याच्यापर्यंत पोचतच नाही. नूतनीकरण आपोआप होतंय का, ते जुन्या नावासाठी वेगळं चालवून बघा. होस्टिंगवाला "होतं हो" म्हणाला तरी बघा.

बदलाच्या दिवशी साइटमधल्या लिंका आणि कॅनॉनिकल टॅग (पानाचा मूळ पत्ता कुठला ते गूगलला सांगणारी खूण) नव्या नावाचे करा. चाचणीच्या साइटवरून आलेला नोइंडेक्स ('हे पान शोधात दाखवू नका' ही सूचना) काढा. चित्रांचे पत्तेही वळवा. सर्च कन्सोलमध्ये दोन्ही नावांची मालकी सिद्ध करून पत्ताबदल नोंदवा आणि नवा साइटमॅप द्या. जुन्या नावावर ईमेल येत असेल तर एमएक्स नोंदी (ईमेल कुठल्या सर्व्हरवर पोचवायचं ते सांगणाऱ्या डीएनएस नोंदी) तशाच ठेवा.

नंतर रोज ४०४ बघा. आकडे खाली-वर होतील, घाबरून नियम बदलत बसू नका. जुनं होस्टिंग बंद करायची घाई नको. गूगल रीडायरेक्ट किमान वर्षभर ठेवायला सांगतं. मी जुनं डोमेन पाच वर्षांसाठी भरून टाकलं. पण डोमेन भरलं म्हणजे सर्टिफिकेट भरलं असं नाही, ती दोन वेगळी कामं आहेत. सर्टिफिकेट ९० दिवसांचं असेल तर मोबाइलमध्ये ८०व्या दिवसाचा गजर आजच लावा, आणि त्या दिवशी जुनं नाव एचटीटीपीएससकट टाइप करून स्वतः उघडा.