स्टुटगार्टला नवीन आलात? आधी हीटरचं बटण, बायोचं नंतर

मुंबई आणि स्टुटगार्ट 1968 पासून भगिनी शहरं आहेत, पण इथे भेटणारा मराठी माणूस बहुतेक वेळा पुण्याकडचा निघतो. चाकण आणि हिंजवडीच्या गाड्यांच्या धंद्याने आपल्याला इथे आणून सोडलंय. नव्या घरांमधून हल्ली एक प्रश्न हमखास येतो: "पर्यावरणाला धरून, कुणाचं शोषण न करता राहायचंय हो, पण बायो (म्हणजे सेंद्रिय मालाच्या) दुकानात दोन पिशव्या भरल्या की महिन्याचं गणित कोलमडतं." माझं म्हणणं असं की बायो दुकान ही शेवटची पायरी आहे. आधी जे फुकट आहे किंवा ज्यात उलट पैसे वाचतात ते करा. मग त्या वाचलेल्या पैशांतून मोजक्या दोन-तीन वस्तू चांगल्या घ्या.

सगळ्यात मोठी बचत भिंतीवरच्या हीटरमध्ये आहे. भाड्याच्या करारात 'काल्टमीटे' म्हणजे नुसतं भाडं, आणि 'वार्ममीटे' म्हणजे हीटिंग, पाणी, कचरा वगैरे धरून. हा वरचा भाग म्हणजे आगाऊ घेतलेली उचल असते. खरा हिशोब वर्ष संपल्यावर येतो आणि हीटिंगच्या खर्चाचा किमान निम्मा भाग तुमच्या घरच्या मीटरप्रमाणे लागतो. म्हणजे पहिल्या हिवाळ्याचं बिल पुढच्या वर्षी दारात उभं राहतं, तेव्हा तुम्ही ते विसरलेलेही असता.

हीटरच्या बटणावर 1 ते 5 आकडे असतात. आपण ते पंख्याच्या रेग्युलेटरसारखे समजतो. ते वेग दाखवत नाहीत, तापमान दाखवतात. 3 म्हणजे साधारण 20 अंश. बाहेरून कुडकुडत आल्यावर 5 वर फिरवलं म्हणून खोली लवकर तापत नाही, ती फक्त नको तितकी तापते. बसायच्या खोलीत 3, झोपायच्या खोलीत 2, अंगात स्वेटर. खोलीचं तापमान एका अंशाने कमी ठेवलं तर हीटिंगचा खर्च साधारण सहा टक्क्यांनी उतरतो. घरात टी-शर्टवर फिरायची हौस असेल तर तिची किंमत माहीत असू द्या.

याच्याच जोडीला खिडकी. इथली खिडकी वरच्या बाजूने तिरकी उघडते आणि आपण ती दिवसभर तशीच ठेवतो. त्याने खोलीतली हवा धड बदलत नाही, पण खिडकीभोवतीची भिंत गार पडते आणि तिच्यावर ओल धरते. आपल्या स्वयंपाकघरात तर वाफेचा कारखानाच असतो: कुकरच्या शिट्ट्या, उकळती आमटी, वर दोरीवर वाळणारे कपडे. त्यापेक्षा हीटर बंद करून खिडक्या सताड उघडा. हिवाळ्यात पाच मिनिटं पुरतात, दिवसातून दोन-तीनदा. हवा बदलते, भिंती गरम राहतात. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवू नका, मागे चार बोटं जागा सोडा, नाहीतर वसंतात मागे काळी बुरशी दिसेल आणि घर सोडताना डिपॉझिटवरून वाद होईल. डिपॉझिट तीन महिन्यांच्या काल्टमीटेपर्यंत असू शकतं, तेव्हा हे प्रकरण लहान नाही. कुकर मात्र जरूर वापरा. उघड्या पातेल्यात राजमा शिजवण्यापेक्षा त्यात वीज खूपच कमी जाते.

विजेचं बोलायचं तर तुम्ही काहीच केलं नाहीत तरी दिवे लागतात, कारण तुम्ही आपोआप तिथल्या मूळ पुरवठादाराच्या योजनेत जाता. ती सहसा महाग असते. त्यातून बाहेर पडायला दोन आठवड्यांची नोटीस पुरते. तुलना करणाऱ्या संकेतस्थळांवर पिनकोड टाकला की हरित विजेच्या योजना दिसतात आणि त्यातल्या कितीतरी त्या मूळ योजनेपेक्षा स्वस्त असतात. 'ओके-पॉवर' किंवा 'ग्र्युनर श्ट्रोम' ही मोहोर बघा. नुसत्या हिरव्या पानाच्या चित्रावर जाऊ नका. बाल्कनीत लावायच्या सौर पट्ट्यांचं इथे बरंच कौतुक आहे. 2024 पासून 800 वॉटपर्यंतचा इन्व्हर्टर चालतो आणि घरमालकाला सबळ कारणाशिवाय नाही म्हणता येत नाही. पण बाल्कनी उत्तरेला असेल किंवा घर दोन वर्षांत बदलायचं असेल तर घाई कशाला?

आता सामान. इथलं भाड्याचं घर पुष्कळदा खरोखर रिकामं असतं: ओटा नाही, सिंक नाही, छताला दिव्यांच्या जागी वायरी लोंबतात. घाबरून नव्या फर्निचरच्या दुकानात धावू नका. जाणाऱ्या भाडेकरूला विचारा, तो बहुधा स्वयंपाकघर तसंच विकायला तयार असतो. बाकीचं 'क्लाइनआनत्साइगेन' या जुन्या वस्तूंच्या संकेतस्थळावर बघा. तिथे 'त्सू फेरशेंकेन' असं शोधलं की फुकट द्यायच्या वस्तू दिसतात. हेच शब्द लिहिलेली खोकी फुटपाथवरही ठेवलेली असतात. त्यातलं उचलायला लाजू नका, इथे त्यात कमीपणा नाही. दर शनिवारी कार्ल्सप्लात्झवर जुना बाजार भरतो, पण तो मध्यवर्ती भागात असल्याने भाव चढे असतात. बघायला जा, घासाघीस येत असेल तर घ्या. मिक्सर भारतातून आणलात तर चालतो, व्होल्टेज तेच आहे, फक्त प्लगचं बघावं लागतं. इथल्या मिक्सरवर ओल्या खोबऱ्याचं वाटण करायला जाल तर तो बिचारा धूर सोडेल.

मुलं असतील तर वसंतात आणि शरदात बालवाड्या आणि चर्चमध्ये भरणारे 'किंडरबाझार' चुकवू नका. बर्फातले जाड सूट, बूट, सायकली, सगळं मापाप्रमाणे लावलेलं असतं आणि नव्याच्या काही अंशात मिळतं. पोर एका हिवाळ्यात त्या सुटातून बाहेर येतं, मग तोच सूट तुम्ही पुढच्या बाजारात विकायचा. पुष्कळ ठिकाणी गरोदर बायकांना अर्धा-एक तास आधी आत सोडतात, तेव्हा पोट दिसत असेल तर त्याचा फायदा घ्या.

कचऱ्याबद्दल शेजारच्या आजी तुम्हाला न विचारता शिकवतीलच, जिने झाडायच्या 'केअरवोखे'च्या पाटीसकट. मला फक्त त्यातला पैसा दाखवायचाय. पॅकिंगच्या कचऱ्याचा खर्च वस्तूच्या किमतीत आधीच धरलेला असतो, उरलेल्या कचऱ्याच्या काळ्या डब्याचे पैसे मात्र तुमच्याकडून जातात. म्हणून दुधाचा खोका आणि ब्रेडची पिशवी काळ्या डब्यात टाकणं म्हणजे एकाच गोष्टीचे दोनदा पैसे भरणं. एकदाच वापरायची प्लास्टिकची बाटली आणि कॅन यांवर 25 सेंट अनामत असते. काचेच्या बिअरच्या बाटलीवर 8 सेंट. ज्यांवर अनामत नाही अशा बरण्या रंगाप्रमाणे काचेच्या हौदात टाकायच्या, पण रविवारी नाही, आवाज होतो. आणि पाण्याच्या बाटल्यांचे खोके चौथ्या मजल्यावर चढवण्याआधी एक लक्षात घ्या: नळाचं पाणी सरळ पिण्यासारखं आहे, स्टुटगार्टच्या बऱ्याच भागांत ते बोडेनझेच्या तळ्यातून येतं. किटलीत पांढरा थर जमला तर गार पाण्यात लिंबूफूल घालून तसंच ठेवा, उकळू नका; महागडं डबीतलं औषध नको. (आपला रिठाही इथे बायो दुकानात ऐटीत विकायला असतो. मळक्या कॉलरपुढे तो इथेही हरतो.)

येण्याजाण्याला डॉइचलांडतिकीट, म्हणजे देशभरच्या लोकल गाड्या-बसचा महिन्याचा पास. 2023 मध्ये ते 49 युरोला सुरू झालं, 2026 पासून 63 झालं, तरी गाडीच्या विम्यापुढे किरकोळच आहे. कंपनी त्यात वाटा उचलते का हे एचआरला विचारा. सायकल घेणार असाल तर हे शहर खोलगट वाडग्यात वसलंय हे विसरू नका. मारियनप्लात्झहून डेगरलोखला जाणारी दातेरी रुळांची 'त्साके' सायकलीही वर चढवून नेते, म्हणून उताराची सायकल सगळ्यांना जमते.

आता खाणं. इथे फुकटात मिळणारी आपल्या कामाची सगळ्यात छान गोष्ट म्हणजे पाला. आठवडी बाजारात गिऱ्हाईक नवलकोल घेतं, पानं पिरगाळून खोक्यात टाकतं आणि निघून जातं. मुळ्याच्या पाल्याचंही तेच. विक्रेत्याला विचारा, तो आनंदाने देतो. त्याला वाटतं तुमच्या घरी ससे आहेत. नवलकोलाची कोवळी पानं बारीक चिरून, लसूण-मिरचीची फोडणी देऊन, थोडी भिजवलेली मूगडाळ घातली की भाकरीबरोबर मेथीची आठवण निघत नाही. मूळ मुद्दा मोसमाचा. हिवाळ्यात कोबी, गाजर, बीट, लाल भोपळा या भाज्या इथल्याच मातीतल्या असतात आणि स्वस्तही. भारतीय दुकानातली ताजी भेंडी-गवार मात्र बहुधा विमानातून आलेली असते. ती सणावारी आणा, रोज नको. मेथी हवी तर डब्यातले मेथीदाणे खिडकीतल्या कुंडीत पेरा, तीन आठवड्यांत एका वेळच्या पराठ्यांपुरती होते. डाळी, हरभरे, ओट्स बायो हवे असतील तर 'डीएम'सारख्या साखळी दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडचे घ्या, खास बायो दुकानापेक्षा बरेच स्वस्त पडतात.

तारखांचं शिकून घ्या. 'मिंडेस्टन्स हाल्टबार बिस' म्हणजे त्या तारखेपर्यंत उत्तम, पुढे वास घेऊन, चाखून ठरवा. दही तर पुढे कितीतरी दिवस चांगलं राहतं. 'त्सू फेरब्राउखेन बिस' लिहिलेल्या मांस-मासळीला मात्र हा न्याय लावू नका. संध्याकाळच्या उरलेल्या मालाच्या पिशव्या 'टू गुड टू गो' या ॲपवर मिळतात. शाकाहारी असाल तर बेकरीची किंवा भाजीची निवडा, बाकीच्यांत काय निघेल सांगता येत नाही.

आणि वाचलेले पैसे कुठे घालायचे? माझ्या मते आधी अंड्यांत, मग दुधात, मग कॉफी-चॉकलेटात. अंड्यावर छापलेला पहिला आकडा वाचा: 0 म्हणजे बायो, 1 म्हणजे बाहेर मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या, 2 म्हणजे कोठारात, 3 म्हणजे पिंजऱ्यात. त्यापुढे देश, आणि डीईनंतरचं 08 म्हणजे आपलंच बाडेन-व्युर्टेमबर्ग. 0-डीई-08 दिसलं की डोळे मिटून घ्या. दहा अंड्यांमागे दीड-दोन युरो जास्त जातील, ते एका महिन्याच्या हीटरमधून सहज सुटतात. कॉफी आणि चॉकलेटला फेअरट्रेडची खूण बघा, ती आता स्वस्त दुकानांतही सापडते. दुधाबद्दल घरात एकमत होत नसेल तर विरजणापुरतं तरी बायो आणा, दही लागतंही छान.