मुरगाव बंदरातल्या हेरगिरीचा इतिहास कसा शोधावा

९ मार्च १९४३ च्या पहाटे मुरगाव बंदरात एरेनफेल्स, ड्राखेनफेल्स आणि ब्राउनफेल्स ही तीन जर्मन आणि आन्फोरा हे इटालियन अशी चार व्यापारी जहाजे पेटली. गोवा तेव्हा पोर्तुगालच्या ताब्यात होता आणि दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ होता. ब्रिटिशांच्या एसओई या गुप्त संघटनेने कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी पलटणीच्या माणसांना पाठवून एरेनफेल्सवर छापा घातला होता. बाकीची जहाजे त्यांच्याच खलाशांनी पेटवली. एरेनफेल्सवरच्या वायरलेसवरून जर्मन पाणबुड्यांना दोस्त राष्ट्रांच्या जहाजांचा ठावठिकाणा कळत होता, असा दावा केला जातो. तो तपासायचा असेल तर असे करा.

प्रश्न लहान ठेवा. ‘गोव्यातली हेरगिरी’ या विषयाला अंत नाही. ‘त्या वायरलेसमुळे जहाजे बुडाली का?’ याचे उत्तर मात्र शोधता येते.

मग वहीत चार रकाने आखा: घटनेची तारीख, कागद लिहिल्याची तारीख, लिहिणारा, वाचणारा. दुसरा रकाना कधीही गाळू नका. या छाप्याची कहाणी १९७८ च्या इंग्रजी पुस्तकाने आणि १९८० च्या चित्रपटाने जगभर पोचवली. पस्तीस वर्षांनी सांगितलेली आठवण आणि त्याच आठवड्यातला अहवाल यांना एकाच तागडीत घालू नये.

आता दाव्याची परीक्षा घ्या. बुडालेल्या जहाजांच्या याद्या इंटरनेटवर मिळतात. त्यातून तारीख, जागा आणि बुडवणाऱ्या पाणबुडीचा देश उतरवून घ्या. जर्मन पाणबुड्यांचा ‘मोन्सून’ गट हिंदी महासागरात पोचला तो १९४३ च्या सप्टेंबरात, म्हणजे छाप्यानंतर सहा महिन्यांनी. त्याआधी जर्मन पाणबुड्यांचा जोर दक्षिण आफ्रिकेकडे होता आणि जपानी पाणबुड्याही या समुद्रांत फिरत होत्या. त्यामुळे सगळे नुकसान एरेनफेल्सच्या खाती टाकता येत नाही. आमच्या मते दाव्याचा हाच भाग सर्वांत कच्चा आहे.

कागदांसाठी तीन ठिकाणे. लंडनच्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात एसओईच्या अतिपूर्व विभागाच्या फायली ‘एचएस १’ मालिकेत आहेत. त्यांची सूची घरबसल्या पाहता येते. काही पाने काढून ठेवलेली असतात, तीही वहीत नोंदवा. लिस्बनच्या तोर्रे दो तोंबो या राष्ट्रीय अभिलेखागारात पोर्तुगालचा तेव्हाचा हुकूमशहा सालाझार याचा दफ्तरसंग्रह आहे. पणजीच्या पुराभिलेख खात्यात त्या वर्षांचा सरकारी पत्रव्यवहार मागा. तो पोर्तुगीज भाषेत आहे, तेव्हा वाचणारा सोबत हवा. सूचीत मुरगावचे नाव पोर्तुगीज आणि इंग्रजी अशा दोन्ही धाटणींनी शोधा, नाहीतर निम्मे कागद हातचे जातील.

परवानगी असेल तर आधी बाडाच्या क्रमांकाचा फोटो घ्या, मग प्रत्येक पानाच्या दोन्ही बाजूंचे. क्रमांकाविना घेतलेला फोटो पुढे पुरावा म्हणून चालत नाही.

पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जुनी वृत्तपत्रे चाळा, पण तेव्हा सेन्सॉरशिप होती हे ध्यानात ठेवा. सरकारला काय छापू द्यायचे होते, एवढेच त्यांतून कळते.

वास्को-मुरगावचे कोणी नव्वदीपार आजी-आजोबा भेटले तर त्यांना हेरांबद्दल विचारू नका. आग कुठून दिसली, दुसऱ्या दिवशी बंदरात काम चालू होते का, खलाशी बाजारात येत असत का, एवढेच विचारा आणि उत्तर त्यांच्याच कोंकणीत उतरवून घ्या.