गूढ शब्दकोडं: उत्तर बरोबर आहे, पण गवार कुठं गेली?

साधं शब्दकोडं आपण सगळ्यांनीच सोडवलंय, "समुद्र, तीन अक्षरी" असं असतं, आपण सागर लिहितो आणि पुढे जातो. गूढ कोड्यात म्हणजे क्रिप्टिकमध्ये तोच शब्द असा विचारतात:

सारात गवारीचं टोक पडलं की समुद्र (३)

हा क्लू मी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला तर दोन मिनिटांत "सागर" आलं. मी विचारलं गवार कुठं गेली, तर म्हणे शेवटी समुद्र लिहिलंय ना, म्हणून सागर. उत्तर बरोबर पण हा अंदाज झाला, कारण समुद्राला तीन अक्षरांत अर्णवही चालतं आणि जलधीही. आता नीट बघा, सार घ्या (कोकमाचं, टोमॅटोचं, कुठलंही), गवारीचं टोक म्हणजे गवार या शब्दाचं पहिलं अक्षर ग, ते सारात टाका, सा-ग-र. अर्णव आणि जलधी तिथंच बाद. म्हणून माझं ठाम मत आहे की क्लूमधला एकेक शब्द कशासाठी आलाय ते सांगता आलं तरच तो सुटला.

हा प्रकार मूळचा इंग्लंडचा. १९१३ साली न्यूयॉर्कच्या पेपरात आलेलं पहिलं शब्दकोडं साधं अर्थाचं होतं, पुढे १९२६ पासून लंडनच्या ऑब्झर्व्हरमध्ये टॉर्केमाडा या टोपणनावानं अवघड गूढ कोडी यायला लागली आणि त्याच्यानंतर आलेल्या झिमेनिझनं नियम घट्ट केले: क्लूमध्ये नेमका अर्थ हवा, शब्दखेळाचा प्रामाणिक इशारा हवा आणि बाकी काही नको. हे "बाकी काही नको" सोडवणाऱ्याच्या फार कामाचं आहे, कारण क्लूमध्ये गवार आली की ती उगाच आलेली नसते.

तर करायचं काय? आधी वाक्याचा सरळ अर्थ विसरा, स्वल्पविराम वगैरे पण सोडून द्या. मग सुरुवात आणि शेवट तपासा, उत्तराचा अर्थ ह्या दोन टोकांपैकी एका टोकालाच असतो, मधे कधीच नाही. राहिलेल्या भागात इशारा शोधा, म्हणजे अक्षरांचं काय करायचं ते सांगणारा शब्द, तो बहुतेक वेळा क्रियापदात असतो.

कणीक मळली, त्यातून निघालं फूल (३)

"त्यातून निघालं" म्हणजे शब्द समोरच लपलाय. "कणीक मळली" सलग वाचा, क-णी-क-म-ळ-ली, मधली तीन अक्षरं कमळ. लोक कणकेच्या गोळ्याचा विचार करत बसतात आणि फूल डोळ्यासमोर असतं, मला हा प्रकार सगळ्यात जास्त आवडतो.

डाव उलटला की पावात घालून खा (२)

उलटला, फिरला, माघारी आला असं काही दिसलं की शब्द उलटा वाचून बघायचा. डाव उलटा केला की वडा.

वेडंवाकडं सरकत केलेला व्यायाम (४)

वेडंवाकडं, विस्कटलं, चिवडा, भेळ हे सगळे अक्षरं ढवळायचे इशारे. सरकत ची अक्षरं ढवळली की कसरत. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, मराठीत एका चौकोनात अख्खं अक्षर बसतं, काना-मात्रा-वेलांटीसकट, जोडाक्षर पण एकाच चौकोनात. त्यामुळे नवरा ढवळून वानर होत नाही, काना रा ला चिकटलेलाच राहतो. इंग्रजी कोडी सोडवून आलेले लोक इथे हमखास अडकतात. तसंच गुळाचं टोक घेतलं तर गु मिळतो, ग नाही.

गुरुजी आणि पाच मिळून गावचा कारभारी (४) हे नुसतं जोडकाम, सर अधिक पंच, सरपंच. आणि देवानं दिलेला नवरदेव (२) ह्यात इशाराच नाही, दोन अर्थ शेजारी शेजारी ठेवलेत, देव देतो तो वर आणि मांडवात उभा राहतो तोही वर. क्लू अगदी छोटा असेल आणि इशारा सापडतच नसेल तर आधी हा प्रकार तपासा.

उच्चारावरचे क्लू मराठीत कमी, कारण आपण बऱ्यापैकी बोलतो तसंच लिहितो, पण ऱ्हस्व-दीर्घाची गंमत करता येते. हात कानावर आला की तहान भागवतो (२): हात म्हणजे पाणि, पाणिग्रहणातला, तो ऐकला की पाणी.

उत्तर समजावून सांगताना माझी पद्धत अशी, आधी अर्थाचा भाग कुठला ते सांगायचं, मग शब्दखेळ, मग उरलेले जोडशब्द, म्हणजे अर्थ आणि शब्दखेळ यांना जोडणारे. गवारीच्या क्लूचं असं होईल: अर्थ "समुद्र", सार च्या आत ग, "सारात पडलं" हा आत घालायचा इशारा, "गवारीचं टोक" म्हणजे ग, "की" जोडशब्द. असं लिहिताना एखादा शब्द उरला तर थांबा, उत्तर चुकलंय नाहीतर क्लू रचणाऱ्याचं तरी चुकलंय.

आणि ग्रुपवर कोणी अडकलं तर लगेच उत्तर टाकू नका. आधी अर्थ सुरुवातीला आहे की शेवटी एवढंच सांगा, तेवढ्यानं नाही झालं तर इशाऱ्याचा शब्द दाखवा आणि मग थोडा वेळ गप्प बसा. कणकेतलं कमळ ज्याचं त्याला दिसू द्या.