एकट्या सरांचा क्लास मोठा करताना: पहिली माणसं कोणती नेमायची, काम कसं सोपवायचं

दहावीच्या बीजगणिताचा 40 गुणांचा एक पेपर नीट तपासायला सहा मिनिटं लागतात. वर्गात 80 मुलं असतील तर 480 मिनिटं, म्हणजे सरळ आठ तास. एकटे शिकवणारे सर हे आठ तास रात्री जेवणं झाल्यावर काढतात. म्हणून पेपर परत द्यायला पंधरा दिवस जातात, तोवर मुलं तो धडा विसरलेली असतात आणि पालक एकमेकांना सांगू लागतात, "सर पेपर तपासत नाहीत हो." साठ-सत्तर मुलांवर अडलेले बहुतेक क्लास इथेच अडतात. शिकवण्यात खोट नसते, पण भोवतीची कामं एका माणसाला पेलत नाहीत.

माणूस शोधण्याआधी एक आठवडा वही ठेवा. शिकवणं सोडून जे जे कराल ते त्यात मिनिटांसह लिहा: फोन, फी, झेरॉक्स, हजेरी, पेपर काढणं, तपासणं, शंका, पालकांशी बोलणं. आठवडा संपला की प्रत्येक ओळीपुढे खूण करा. "कोणीही करेल", "शिकवलं तर करेल" आणि "मलाच करायला हवं". तिसऱ्या खुणेत शिकवणं, पेपर काढणं आणि पालकांशी गंभीर बोलणं एवढंच उरेल. बाकी सगळं दुसऱ्याकडे जाऊ शकतं.

पहिलं माणूस काउंटरवर

बरेच सर आधी दुसऱ्या विषयाचे शिक्षक घेतात. ही महागात पडणारी चूक आहे. नवा शिक्षक आला की बॅच वाढते. तिच्यासोबत फोन, हप्ते आणि पेपर वाढतात आणि ते सगळं पुन्हा सरांच्याच टेबलावर येतं. म्हणून आधी काउंटर.

वेळ दुपारी साडेतीन ते रात्री साडेआठ. पहिलं काम हजेरी. बॅच सुरू झाल्यापासून पंधरा मिनिटांत गैरहजर मुलांच्या घरी फोन गेलाच पाहिजे. वाक्य ठरवून द्या: "नमस्कार, क्लासमधून बोलतेय. आज पाचच्या बॅचला ओम आलेला नाही, घरी आहे का?" एवढंच. जाब विचारल्याचा सूर नको, उपदेश नको. हाच फोन रात्री आठला केला तर उपयोग नाही, तोपर्यंत मुलगा घरी पोचून "क्लासलाच होतो" म्हणून मोकळा झालेला असतो. जाहिरातीपेक्षा या एका फोनवर पालकांचा विश्वास जास्त बसतो.

दुसरं काम चौकशीची वही. त्यात तारीख, मुलाचं नाव, शाळा, इयत्ता, कोणी सुचवलं, डेमो लेक्चर कधी आणि पुढचा फोन कधी, असे रकाने आखा. शेवटचा रकाना रिकामा राहिला की ती चौकशी गेली असं समजा. पहिला फोन 24 तासांत, दुसरा डेमोच्या दुसऱ्या दिवशी, तिसरा चौथ्या दिवशी. त्यानंतर थांबा, मागे लागलेला क्लास पालकांना नको असतो.

तिसरं काम फी, आणि इथे शिस्त कडक हवी. छापील क्रमांकाचं, कार्बन प्रत निघणारं पावती पुस्तक. यूपीआयचा क्यूआर क्लासच्याच खात्याचा, काउंटरवरच्या माणसाच्या मोबाइलचा कधीच नाही. पैसे घेणारा आणि हिशोब जुळवणारा एकच माणूस नसावा: रोज रात्री पाच मिनिटं काढून शेवटचा पावती क्रमांक, रोकड आणि खात्यात जमा रक्कम तुम्ही स्वतः ताडून पाहा. सवलत द्यायचा अधिकार फक्त सरांचा. काउंटरवरून एकाला 2,000 रुपये कमी झाले की संध्याकाळपर्यंत आणखी चौघं तेच मागायला येतात. हप्त्याची आठवण पाच दिवस आधी आणि ठरलेल्या दिवशी पालकांना द्यायची. वर्गात मुलाला उभं करून फी विचारायची नाही, कधीच नाही.

परवडेल का, हे आकड्यांनी बघा. समजा 90 मुलं, प्रत्येकी 18,000 रुपये फी, म्हणजे वर्षाला 16,20,000. काउंटरला महिना 10,000 दिले तर वर्षाचे 1,20,000 होतात, म्हणजे सात मुलांची फी. पाठपुरावा नसल्यामुळे दहा जणांचा 6,000 चा शेवटचा हप्ता बुडाला, तर त्यातच 60,000 जातात.

तपासणी आणि शंका

दुसरं माणूस पेपर तपासणारं. बीएस्सी-एमएस्सीला असलेले विद्यार्थी, किंवा बीएस्सी-बीएड झालेल्या पण सध्या घरी असलेल्या मॅडम या कामाला चांगल्या. मानधन महिन्यावर नको, पेपरवर ठरवा.

सोपवताना नुसती उत्तरं देऊ नका. प्रत्येक पायरीचे गुण लिहिलेली गुणदान सूची द्या: सूत्राला अर्धा, किंमती घातल्याला अर्धा, उत्तर आणि एककाला एक, अशी. ती नसली की एकाला बरोबर पायऱ्यांचे दीड गुण मिळतात, शेजारच्याला शून्य, आणि मुलं मधल्या सुट्टीत पेपर शेजारी ठेवून बघतात. पहिले पाच पेपर तुम्ही तपासा, त्यांचे फोटो नमुना म्हणून द्या. सगळ्या पेपरांतला एक प्रश्न एकानेच तपासायचा, म्हणजे मोजमाप बदलत नाही. परत आल्यावर 80 मधले कोणतेही आठ उचलून पुन्हा तपासा. दोनपेक्षा जास्त पेपरांत दोन गुणांहून अधिक फरक पडला तर गठ्ठा परत.

एमएचटी-सीईटीच्या, म्हणजे बारावीनंतर इंजिनिअरिंग-फार्मसीला प्रवेश देणाऱ्या परीक्षेच्या बॅचला काम वेगळं असतं. गणिताचे 50 प्रश्न, प्रत्येकी दोन गुण, चुकीला गुण कापत नाहीत. ओएमआर, म्हणजे गोल रंगवायची उत्तरपत्रिका, तपासायला वेळ लागत नाही. तिथे निम्म्याहून जास्त मुलांचे चुकलेले प्रश्न कोणते, याची यादी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सरांच्या हातात हवी. रिकामे सोडलेले प्रश्नही मोजा. गुण कापले जात नसताना रिकामी जागा दिसली तर मुलाचा वेळ संपला किंवा तो घाबरला.

शंका सोडवणाऱ्याने सरांचीच पद्धत वापरायची, नवा शॉर्टकट नाही. प्रत्येक शंका वहीत नोंदवायची. एकच शंका पाच जणांची आली तर तो भाग सरांनी वर्गात पुन्हा घ्यायचा.

शिक्षक नेमताना

शाळेत नोकरीवर असलेल्या शिक्षकाला संध्याकाळी बोलवायचा मोह टाळा. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 28 मध्ये शिक्षकांना खासगी शिकवणीची मनाई आहे. केंद्राच्या जानेवारी 2024 च्या कोचिंगविषयक मार्गदर्शक सूचनांमध्ये शिकवणारा किमान पदवीधर असावा असं म्हटलं आहे. कागदपत्रं मूळ बघा, आधीच्या दोन ठिकाणी फोन करा, पोलिस पडताळणी करून घ्या. खोल्यांच्या दारांना काच असू द्या, मुलांशी खासगी चॅट बंद ठेवा. मुलं सोपवलेली असतात, इथे ओळखीपाळखीवर जाऊ नका.

डेमो खऱ्या मुलांपुढे 20 मिनिटांचा घ्या आणि तुम्ही शेवटच्या बाकावर बसा. फळ्याकडे नाही, मुलांच्या वह्यांकडे बघा.

सगळ्यांना भीती असते ती शिक्षक नोव्हेंबरमध्ये सोडून समोरच्या गल्लीत स्वतःचा क्लास काढेल आणि अर्धी बॅच नेईल याची. "सोडल्यावर दोन वर्षं शिकवणार नाही" असं लिहून घेण्याचा फारसा उपयोग नाही, भारतीय करार कायद्याच्या कलम 27 पुढे तशी अट टिकत नाही. उपाय रोजच्या कामात आहे. पालकांचे नंबर काउंटरकडेच, टेस्ट आणि नोट्स क्लासच्या, पालक सभा तुम्ही घ्यायची, आणि प्रत्येक बॅचवर आठवड्यातून एक लेक्चर तुमचं. करारात हातातला धडा पूर्ण करून आणि दोन महिन्यांची सूचना देऊनच सोडायचं, असं लिहा. आणि मानधन 5 तारखेच्या आत द्या. पैशाला उशीर झालेला शिक्षकच आधी जागा शोधायला लागतो.

फ्लेक्स आणि इन्स्टाग्राम सांभाळणाऱ्यालाही एक नियम सांगून ठेवा: ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर 2024 च्या सूचनांनुसार यशस्वी विद्यार्थ्याचं नाव-फोटो निकालानंतर त्याची लेखी संमती घेऊनच वापरायचं.

वाढीच्या हिशोबात जीएसटी विसरू नका. सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला 20 लाखांची उलाढाल. 18,000 फीवर 112 वा विद्यार्थी आला की ती ओलांडली जाते आणि 18 टक्के कर येतो. शंभरी गाठतानाच सीएंकडे जा.

भरती जानेवारीत करा. नववीची परीक्षा संपताच व्हेकेशन बॅच सुरू होते, आणि जूनमध्ये घेतलेल्या माणसाला गर्दीत कोणी शिकवू शकत नाही.

माणसं नेमल्यावर दोन महिन्यांनी एक दिवस सुट्टी घ्या आणि फोन बंद करू नका. त्या दिवशी ज्या ज्या गोष्टीसाठी तुम्हाला फोन येईल ती लिहून घ्या, आणि दुसऱ्या दिवशी त्यातली एकेक काउंटरच्या वहीत उत्तरासह उतरवा.