धंद्यासाठी रिवॉर्ड क्रेडिट कार्ड घेताय? या चुका टाळा

लग्नसराई संपली की माझ्याकडे हिशेबाला येणारे एक केटरर वर्षाची स्टेटमेंटं पिशवीत घालून आले. "मॅडम, वर्षभर कार्ड घासलं. सेल्समन म्हणाला होता, पॉइंटांवर विमानाचं तिकीट निघेल. पॉइंट गेले कुठे?" आम्ही दोघं पिवळा हायलायटर घेऊन बसलो. ज्या ओळीवर पॉइंट मिळाले तेवढीच ओळ पिवळी करायची. पहिल्या पानावर फक्त दोन ओळी पिवळ्या झाल्या.

चूक कार्ड वापरण्यात नव्हती, कार्ड निवडण्यात होती. म्हणून निवडीपासूनच बोलते.

आधी कार्ड, मग खर्च

बहुतेक जण ऑफर बघून कार्ड घेतात. विमानतळावरचा लाउंज, हॉटेलात पाचपट पॉइंट, सिनेमाची तिकिटं. आता या केटररांचा महिन्याचा खर्च बघा. मार्केट यार्डातला किराणा-भाजी ९० हजार, पगार ४५ हजार, किचनचं भाडं २५ हजार, टेम्पोचं डिझेल १८ हजार, ऑनलाइन मागवलेले डबे आणि फॉइल १३ हजार, वीज ९ हजार. एकूण २ लाख.

पगार कार्डावर जात नाही. भाडं आणि इंधन यांना बहुतेक कार्डांवर पॉइंट नसतात, विजेच्या बिलाला असले तरी अनेकदा मर्यादा असते. यार्डातला घाऊक व्यापारी कार्ड पुढे केलं की वर २ टक्के मागतो; जे कार्ड अर्धा-पाऊण टक्का परत देतं, त्यासाठी २ टक्के द्यायचे कशाला? उरले डब्यांचे १३ हजार.

त्या कार्डावर १५० रुपयांना ४ पॉइंट होते आणि एका पॉइंटची किंमत २० पैसे. म्हणजे १५० रुपयांवर ८० पैसे, अर्ध्या टक्क्याच्या जरा वर. १३ हजारांवर महिन्याला ६९ रुपये, वर्षाला सव्वाआठशेच्या आसपास. वार्षिक फी २,५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून २,९५०. ऐकून ते काही क्षण गप्पच बसले.

तुम्ही एवढंच करा. कार्डाची माहितीपत्रकं उघडण्याआधी मागच्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढा, खर्चाचे गट पाडा आणि प्रत्येक गटापुढे लिहा: इथे समोरचा कार्ड घेतो का, जादा पैसे मागतो का, त्या खर्चावर पॉइंट आहेत का. मग पॉइंट रुपयांत मोजा. '५ एक्स' (म्हणजे पाचपट पॉइंट) या शब्दाला रुपयांत किंमत नाही, ती एका पॉइंटच्या पैशांत असते. तोच पॉइंट तिकिटासाठी वापरला तर एक भाव, स्टेटमेंटमध्ये वळता केला तर वेगळा, बहुधा कमी. पॉइंट वटवायलाही अनेक बँका शंभराच्या आसपास फी अधिक जीएसटी घेतात. ज्यांचा मोठा खर्च ऑनलाइन जाहिराती, सॉफ्टवेअर किंवा कुरिअरवर आहे, त्यांना चांगलं कार्ड खरंच फायद्याचं पडतं. परदेशी कंपनीला डॉलरमध्ये पैसे देत असाल तर मात्र साडेतीन टक्क्यांपर्यंत जाणारा मार्कअप, म्हणजे परकी चलनाच्या व्यवहारावरची बँकेची जादा आकारणी, आधी बघा, पॉइंट नंतर.

दुकान किराण्याचं, पण मशीन कशाचं?

'किराण्यावर ५ टक्के' असं लिहिलेलं असतं आणि तरी पॉइंट पडत नाहीत, ही तक्रार मी नेहमी ऐकते. दुकानाच्या पाटीवर काय लिहिलंय याच्याशी बँकेला कर्तव्य नसतं. प्रत्येक व्यापाऱ्याच्या मशीनला चार आकडी कोड असतो. किराणा दुकानाचा ५४११. तुमच्या घाऊक व्यापाऱ्याचं मशीन दुसऱ्याच गटात नोंदलेलं असेल तर बँक त्याला किराणा मानत नाही. मोठी खरेदी करण्याआधी शंभर-दोनशे रुपयांचं बिल करून बघा, पॉइंट आले की मगच पुढे जा.

रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, छोट्या धंद्याला ते सोयीचंही आहे. पण भाजीवाल्या मावशींचा क्यूआर त्यांच्या बचत खात्याचा असतो, त्यावर क्रेडिट कार्ड चालत नाही. समोर व्यापाऱ्याचा क्यूआर हवा.

डिझेलचंही एक सांगते. अनेक कार्डांवर इंधनाचा १ टक्का सरचार्ज माफ होतो तो ४०० ते ५,००० रुपयांच्या बिलावरच. टेम्पोची टाकी एकदम भरून साडेसहा हजारांचं बिल केलं की माफी गेली. मर्यादा कार्डागणिक बदलते, तेव्हा आपल्या कार्डाची बघून ठेवा.

मिनिममची खूण

माझ्या दृष्टीने सगळ्यात महाग चूक हीच, आणि ती अर्ज भरतानाच होते. ऑटो डेबिटच्या फॉर्मवर दोन चौकोन असतात: 'टोटल अमाउंट ड्यू' म्हणजे सगळं बिल आणि 'मिनिमम अमाउंट ड्यू' म्हणजे बिलातली किमान रक्कम. सेल्समन घाईत मिनिममवर खूण करतो, आपण सही करतो. खात्यातून दर महिन्याला पैसे कापले जातात, म्हणून बिल भरलं जातंय असंच वाटतं. हे केटररही याच समजुतीत होते.

८० हजारांच्या बिलातले मिनिमम म्हणून ५ टक्के, म्हणजे ४ हजार गेले. राहिलेल्या ७६ हजारांवर महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज २,६६०, वर जीएसटी, म्हणजे ३,१०० च्या पुढे. प्रत्यक्षात आकडा याहून वाढतो, कारण व्याज खरेदीच्या तारखेपासून लागतं आणि बाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. ८० हजारांवर पॉइंट मिळाले असते फार तर सव्वाचारशे रुपयांचे. एका महिन्याच्या चुकीत सात महिन्यांचे पॉइंट गेले! आज घरी गेल्यावर ॲप उघडून ती खूण कुठे आहे ते बघाच.

पैसे उशिरा येणाऱ्या धंद्यात बिलाची तारीखही जुळवून घ्यावी लागते. केटररला लग्नानंतर पंधरा दिवसांनी उरलेले पैसे मिळतात, आणि कार्डाचं बिल त्याआधीच उभं राहतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बिलिंग सायकल निदान एकदा आपल्या सोयीने बदलून घेता येते. हे फार थोड्यांना माहीत असतं. बिल भरायला दोन दिवस उशीर झाला तर घाबरू नका: देय तारखेनंतर तीन दिवस उलटेपर्यंत लेट फी लावता येत नाही. तीन दिवस उलटले तर मात्र ते दिवस मूळ तारखेपासूनच मोजले जातात.

घरचं कार्ड आणि धंद्याचं कार्ड

घरच्या कार्डावर धंद्याची खरेदी केली तर बँक 'व्यावसायिक वापर' म्हणून पॉइंट रद्द करू शकते, कार्डही बंद करू शकते. हिशेबात तर गुंता होतोच: मुलाची फी आणि कढयांचं बिल एकाच पानावर. वेगळं कार्ड घ्या, बँकेत आपला जीएसटी क्रमांक नोंदवा. स्टेटमेंट म्हणजे जीएसटीचं बिल नव्हे, पुरवठादाराचं बिल वेगळं जपावं लागतं. कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत) असाल तर फीवरच्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे वजावट, मिळणार नाही, त्यामुळे फी मोजताना ती १८ टक्क्यांसकटच धरा. धंदा एकट्याच्या मालकीचा असेल तर या कार्डाचा उशीर तुमच्याच सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, उमटतो.

आपल्याच मशीनवर आपलंच कार्ड घासून रोकड काढणं, किंवा २-३ टक्के देऊन दुसऱ्या दुकानातून ती घेणं, हे कृपा करून करू नका. बँकेला ते दिसतं, पॉइंट जप्त होतात. शिवाय वर्षात कार्डाची १० लाखांपासून पुढे बिलं भरली की त्याची माहिती आयकर खात्याकडे जाते. उलाढाल ८ लाख आणि कार्डाचा खर्च १२ लाख, हे तिथे समजावत बसावं लागेल.

चुकीचं कार्ड आधीच घेतलं असेल तर

आधी पॉइंट वटवा, मग सगळी बाकी भरा, मग बंद करण्याचा अर्ज ईमेलने किंवा ॲपमधून द्या, म्हणजे तारखेचा पुरावा राहतो. बाकी शून्य असेल तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायला हवं, नाही केलं तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये द्यावे लागतात. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी लागत नाही. केटररांचं कार्ड आम्ही सहाव्या दिवशी बंद करून घेतलं. नवीन कार्ड घेतलं ते बिनफीचं, डब्यांच्या खरेदीपुरतं, आणि फॉर्मवर या वेळी टोटलवरच खूण केली.