ताप हटत नाही? ब्रुसेला शोधताना या चुका टाळा

तीन आठवडे ताप. रोज संध्याकाळी चढतो, रात्री घामानं अंथरूण भिजतं, सकाळी माणूस जरा बरा. टायफॉइडची विडाल चाचणी ‘पॉझिटिव्ह’ आली म्हणून सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन हे अँटिबायोटिक देऊन झालं, मलेरिया-डेंगी निगेटिव्ह, छातीचा एक्स-रे साफ. मग केसपेपरवर ‘पीयूओ’ (कारण न सापडलेला ताप) पडतं आणि रक्त आमच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात येतं. सोबतच्या फॉर्मवर वय, वॉर्ड आणि ‘ब्रुसेला प्लीज’. बाकी सगळं कोरं.

ब्रुसेला हा जनावरांकडून माणसाला लागणारा जंतू. त्याचा आजार काही नवा नाही. ब्रिटिश लष्करी डॉक्टर डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये माल्टात मरण पावलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून हा जंतू वेगळा काढला, आणि तो शेळीच्या दुधातून येतो हे १९०५ मध्ये माल्टातलेच डॉक्टर झमिट यांनी दाखवलं. आपले पशुवैद्यक जनावरांतल्या या रोगाला सांसर्गिक गर्भपात म्हणतात. तरी आपण चुकतो, आणि चुकायच्या जागाही ठरलेल्या आहेत.

‘जनावरांशी संबंध?’ एवढंच विचारून थांबणं

एकदा फॉर्मवर ‘संबंध नाही’ लिहून आलं होतं, म्हणून मीच वॉर्डात गेले.

“आजी, घरी जनावरं आहेत का?”

“न्हाई बाई. बैल इकलं कवाच.” मग जरा थांबून, “दोन शेरडं हायत तेवढी.”

शेरडं त्यांच्या हिशेबी जनावरांत धरलीच जात नव्हती. त्यातलं एक गौरी-गणपतीत गाभडलं होतं, म्हणजे त्याचा गर्भपात झाला होता. वार (प्लॅसेंटा) कोणी काढली, विचारलं. “मीच की. दुसरं कोन हाय?” हातमोज्यांचं नावच काढू नका.

म्हणून प्रश्न असे विचारा: गेल्या सहा महिन्यांत गाय, म्हैस, शेळी, मेंढी गाभडली का? वार अडकली होती का, ती कोणी ओढली? मेलेलं पिल्लू कोणी उचललं? गोठा कोण झाडतं? दूध तापवून पिता की धारोष्ण? लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत सहसा एक ते चार आठवडे जातात, पण कधी कधी काही महिनेही. म्हणून सहा महिने मागे जायचं.

गोठा नसलेलेही सुटत नाहीत. खाटीक असतात, प्रयोगशाळेतले लोक असतात, पशुवैद्यक असतात. चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना टोचायची ब्रुसेलाची एस-१९ लस जिवंत जंतूंची असते. २०१९ पासून ती राष्ट्रीय कार्यक्रमात दिली जाते. लसीची सुई स्वतःच्या हातात घुसली होती का, हे लस देणाऱ्याला विचारल्याशिवाय तो सांगत नाही. आणि डेंगीत प्लेटलेट वाढाव्यात म्हणून शेळीचं कच्चं दूध पिणारे तर शहरातच जास्त. त्यानं प्लेटलेट वाढतात याला पुरावा नाही. एका तापावर उपाय म्हणून दुसरा ताप विकत आणायचा, असला हा प्रकार. प्यायचंच असेल तर उकळून प्या.

आधी डॉक्सी, मग रक्त

स्क्रब टायफस या दुसऱ्या तापाच्या शंकेनं सात दिवस डॉक्सीसायक्लिन सुरू होतं. ताप उतरतो, डिस्चार्ज होतो आणि महिन्याभरात रुग्ण परत दारात. ब्रुसेला डॉक्सीनं दबतो, पण तेवढ्या दिवसांत मरत नाही. टीबीच्या औषधांचंही तेच, त्यातलं रिफाम्पिसिन ब्रुसेलावरही चालतं. रुग्ण गंभीर असेल तर औषध थांबवून ठेवा असं मी म्हणत नाही. कल्चरचं (जंतू वाढवून पाहायचं) रक्त मात्र पहिल्या डोसच्या आधी घ्या, आणि पंधरा दिवसांत कोणकोणती अँटिबायोटिक्स झाली ते फॉर्मवर लिहा.

स्लाइडवर आणि नळीत होणारी फसगत

रोझ बेंगॉल ही स्लाइडवरची चाचणी म्हणजे पहिली चाळणी. सीरमचा (रक्तातल्या पातळ द्रवाचा) थेंब, तेवढंच गुलाबी अँटिजेन (मेलेल्या ब्रुसेला जंतूंचं द्रावण), चार मिनिटं हलवायचं आणि गुठळ्या धरल्या का ते वाचायचं; धरल्या तर पॉझिटिव्ह. सोपी आहे म्हणूनच हलगर्जी होते. अँटिजेन फ्रिजमधून काढून थंडगारच वापरलं जातं, कंट्रोल (उत्तर आधीच माहीत असलेले नमुने) लावले जात नाहीत, किंवा टेक्निशियन फोन घेऊन परत येईपर्यंत कडा वाळतात आणि त्या वाळलेल्या कडाच गुठळ्या म्हणून वाचल्या जातात. चार म्हणजे चारच मिनिटं.

खरा घोळ नळीच्या चाचणीत होतो. तिथे सीरम नळीगणिक दुप्पट पातळ करत जायचं आणि गुठळी कुठवर धरते ते पाहायचं. समजा १:२०, १:४०, १:८०, १:१६० या चारही नळ्या निगेटिव्ह. रिपोर्ट निगेटिव्ह जातो. पण अँटिबॉडी फारच जास्त असतील तर सुरुवातीच्या नळ्यांत गुठळी धरतच नाही; पुढे १:६४० ला स्वच्छ दिसते. याला प्रोझोन म्हणतात. म्हणजे ज्याच्या रक्तात सगळ्यात जास्त सापडायला हवं, तोच निगेटिव्ह ठरतो. रोझ बेंगॉल पॉझिटिव्ह आणि नळी निगेटिव्ह अशी जोडी दिसली की १:१२८० पर्यंत जा. जुनाट आजारात गुठळी न धरणाऱ्या अँटिबॉडीही असतात, तिथे कूम्ब्स किंवा एलायझा या वेगळ्या चाचण्या लावाव्या लागतात.

उलट बाजूही आहे. येर्सिनिया या दुसऱ्या जंतूच्या एका प्रकारामुळे खोटं पॉझिटिव्ह येऊ शकतं. आणि वर्षानुवर्षं गोठ्यात राबलेल्या निरोगी माणसाच्या रक्तातही अँटिबॉडी सापडतात. लक्षणं नसताना नुसत्या टायटरवर (गुठळी कुठल्या नळीपर्यंत धरली त्या आकड्यावर) सहा आठवड्यांचा कोर्स सुरू करू नका. इलाज संपल्यावर आयजीजी ही अँटिबॉडी महिनोन्‌महिने रेंगाळली म्हणून कोर्स लांबवतही बसू नका.

कल्चरची बाटली आणि उघडं टेबल

ही चूक आमच्या खात्यातली, त्यामुळे जरा जास्त बोलते. ब्रुसेला सावकाश वाढतो. ऑटोमेटेड यंत्रात बहुधा आठवड्याच्या आत सिग्नल येतो, पण पाचव्या दिवशी बाटली फेकली तर उशिरा वाढणारे हातचे जातात. संशय लिहून आला असेल तर बाटली जास्त दिवस ठेवता येते.

फॉर्म कोरा असला की आणखी एक होतं. आमच्याकडे एका ज्युनियरनं अशीच बारीक वसाहतींची प्लेट उघड्या टेबलावर उघडली, वास घेतला, जंतू ओळखायच्या किटवर लावली. किटनं नाव दिलं मोराक्सेला, म्हणजे भलताच जंतू. युरिएजची चाचणी काही मिनिटांत गुलाबी झाली तेव्हा सगळ्यांचे चेहरे उतरले: हा ब्रुसेला असणार, आणि तो श्वासावाटेही लागतो. बारीक ग्रॅम-निगेटिव्ह कोकोबॅसिलस (आखूड, गोलसर जंतू), ऑक्सिडेज पॉझिटिव्ह, युरिएज झटपट पॉझिटिव्ह, असं दिसलं की प्लेट टेप लावून बंद करायची आणि पुढचं सगळं सेफ्टी कॅबिनेटमध्ये. त्या मुलीला तीन आठवडे डॉक्सी आणि रिफाम्पिसिन घ्यावं लागलं, वर २४ आठवडे रक्ततपासण्या. फॉर्मवर ‘ब्रुसेलाचा संशय’ हे दोन शब्द असते तर हे टळलं असतं.

एकच औषध, किंवा थेट टीबीचं लेबल

एकट्या डॉक्सीनं आजार उलटण्याचं प्रमाण जास्त, जोड लागतेच. डॉक्सी सहा आठवडे, सोबत रिफाम्पिसिन सहा आठवडे किंवा सुरुवातीला स्ट्रेप्टोमायसिन वा जेंटामायसिनची इंजेक्शनं. मणक्यात शिरला असेल तर याहून लांब. ताप आणि खालच्या कमरेचं दुखणं असलेल्या शेतकऱ्याच्या एमआरआयवर ‘टीबी स्पाइन’ लिहून येतं. टीबीचं औषध सुरू करण्याआधी एक रोझ बेंगॉल करायला काय जातं?

आणि रुग्णावर थांबू नका. त्या आजी पॉझिटिव्ह निघाल्यावर घरच्यांना बोलावलं. सून आली, कडेवर पोर. ताप नाही म्हणाली. कंबर दुखते, पण ती बाळंतपणापासूनची. तिची नळी १:६४० ला पॉझिटिव्ह होती.