खानदेशाचा दारू-व्यसनाचा नकाशा कसा काढावा

आधी ठरवा: पिणारे मोजायचे की व्यसनी? एनएफएचएस-५ (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी, २०१९-२१) जिल्हावार पिणाऱ्यांची टक्केवारी देते, वय १५ च्या पुढची, स्त्री-पुरुष वेगळी. व्यसनासाठी ऑडिट (AUDIT) या पिण्याच्या सवयी तपासणाऱ्या प्रश्नावलीचे १० प्रश्न विचारावे लागतात. ८ किंवा जास्त गुण म्हणजे धोक्याचं पिणं.

दारूविक्रीचे आकडे मात्र नकाशावर रंगवू नका. १९६० पासून दारूबंदी असलेला गुजरात नंदुरबारमधल्या नवापूर तालुक्याला लागूनच आहे. नवापूरच्या दुकानात विकलेली बाटली तालुक्यातच प्यायली गेली असं कसं धरणार? उलट सातपुड्यातली घरची मोहाची दारू नोंदीत येतच नाही. नकाशा दोन्हीकडून फसतो.

जळगाव १५, धुळे ४, नंदुरबार ६, असे २५ तालुके क्यूजीआयएस (QGIS) या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्या. आकड्यांची नकाशाशी जोडणी नावावर नको, जनगणनेच्या कोडवर करा. अक्राणी आणि धडगाव एकच तालुका, नावावर जोडलं तर तिथेच रकाना रिकामा राहतो. रंग टक्केवारीला द्या, एकूण संख्येला नाही. नाहीतर मोठा तालुका उगाच गडद दिसतो.

तालुक्यात १०० जणांनाच विचारलं आणि २० टक्के आले, तर खरा आकडा साधारण १२ ते २८ मध्ये कुठेही असू शकतो. मोजकीच गावं निवडली असतील तर पल्ला आणखी रुंदावतो. अशा तालुक्यांवर तिरप्या रेघा मारा.